दादांची फुली

आजारपणानं दादांचे सगळे शब्द नेले आणि एकच मागे ठेवला: "बरोबर." तोही काही मेहेरबानी म्हणून नव्हे, चोर घाईत पळताना एखादी वाटी सांडून जातो, तसा तो राहिला. मेंदूत गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला. दीड-दोन महिन्यांत हात बराचसा वळणावर आला, जीभ मात्र वळली नाही ती नाहीच. "चहा घेणार?" "बरोबर." "की नको?" "बरोबर." "अहो, पंखा चालू ठेवू की बंद करू?" "बरोबर." सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत या माणसानं माझं एक बोलणं बरोबर म्हणून मान्य केलं नाही. आता ऊठसूट म्हणतोय, तर त्याला काही अर्थ नाही."

डोकं मात्र जागेवर होतं. डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं होतं: यांना समजतं सगळं, वाचता येतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाही, तोंडावाटेही नाही आणि हातावाटेही नाही. फोनवर लिहायला बसले की पहिल्याच अक्षरावर बोट अडकायचं आणि पडद्यावर 'ममममम' अशी ओळच्या ओळ उमटायची. घरच्यांनी 'हो' आणि 'नाही' अशा दोन चिठ्ठ्या करून दिल्या. दादांचा हात नेमका नको त्या चिठ्ठीवर जायचा. चूक लगेच कळायची, मग चिठ्ठी भिरकावून द्यायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे.

दादा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते, एकतीस वर्षं. त्यांची सून त्याच कार्यालयात संगणक विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे ती एकटी, एक खोली आणि दोन पंखे, त्यातला चांगला पंखा सर्व्हरसाठी. ती रुजू झाली त्या दिवशी दादांनी सगळ्यांना "ही आमची सूनबाई" अशी ओळख करून दिली, आणि तेव्हापासून शिपायापासून साहेबापर्यंत सगळं कार्यालय तिला सूनबाईच म्हणायचं. पहिलं वर्षभर ती चिडली. मग चिडून चिडून कंटाळली.

आजारपणानंतर दादा कामावर परतले आणि तिसऱ्या महिन्यात ती भानगड झाली. एका संध्याकाळी घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले, आणि खुर्चीच्या हातावर मूठ आपटत ओरडायला लागले, "बरोबर! बरोबर! बरोबर!" चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. कुणाला काही कळेना. मुलाला वाटलं, रक्तदाब वाढला. सूनबाईला दुसऱ्या दिवशी कार्यालयात सगळं कळलं.

मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. मॅडम म्हणजे पाणीपुरवठा केंद्राच्या मुख्य अभियंता. बाई कडक, पण मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी दोन साक्षीदार बसवले, चहा मागवला आणि अगदी मायेनं विचारलं, "दादा, तब्येतीनं दगा दिलाय. आता मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी आराम करावा असं वाटतं ना?" दादा म्हणाले, "बरोबर." कागदावर लिहिलं गेलं: 'कर्मचाऱ्याने तोंडी संमती दिली.' दोन्ही साक्षीदारांनी सह्या ठोकल्या. पुढच्या बुधवारी दुपारच्या टपालानं तो कागद वर जाणार होता, आणि एकदा गेला की परत आणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

सूनबाई तडक केबिनमध्ये गेली.

"मॅडम, ती संमती नव्हती."

"मी तीनदा विचारलं, सूनबाई. तीनदा बरोबर म्हणाले."

"ते सगळ्यालाच बरोबर म्हणतात."

"मग मीही तेच म्हणतेय ना!" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कंट्रोल रूममधून मेल गेला की पंधरा मिनिटांत ऑपरेटरनं स्वतः पोच द्यायची, हा नियम मी उगाच नाही केला. गेल्या वर्षी कुणी मेल वाचलाच नाही आणि टाकी रात्रभर वाहिली. दादांची पोच त्यांच्या पाळीतला जोडीदार टाइप करत होता, ते मी पकडलं. उद्या कंट्रोल रूमनं काही चुकीचं सांगितलं तर? पंपघरात 'नाही' म्हणता न येणारा माणूस मी कसा ठेवू, सांग तू मला."

सूनबाईला जास्त चीड याची आली की मॅडमचं बोलणं खरं होतं. नाही म्हणता येत नसेल, तर तो माणूस पंपावर नको, हे तिलाही पटत होतं. मग उरलं एकच. बुधवारच्या आत बाबांना कुठून तरी एक 'नाही' मिळवून द्यायचा.

तो मिळाला घरातच, आणि तोही फुकट. तिच्या नवऱ्यानं घरच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं: 'बाबा आता निवांत, घरी आराम करणार.' काकांनी फुलं टाकली, आत्यानं टाळ्या टाकल्या, कुणी केक टाकला. आणि सगळ्यांच्या शेवटी दादांकडून एक लाल फुली आली. चुकून बोट लागलं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. सूनबाईनं नाही सोडलं. ती फोन घेऊन दादांच्या समोर जाऊन बसली.

"बाबा, ही फुली मुद्दाम टाकलीत?"

"बरोबर," दादा म्हणाले. त्या उत्तराला काडीचीही किंमत नव्हती, पण ते तिच्याकडे रोखून पाहत होते.

तिनं समोर बसूनच त्यांना एकेक प्रश्न पाठवायला सुरुवात केली. आज सोमवार आहे? फुली. तुम्हाला दोन मुलं? बरोबरची खूण, कारण मुलगा आणि मुलगी होतीच. पंपघरात चार पंप आहेत? फुली, लगेच, जवळजवळ रागानं, तीनच होते. आई स्वयंपाक चांगला करतात? यावर दादांनी बराच वेळ घेतला, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मग बरोबरची खूण टाकली. वीसच्या वीस उत्तरं ठीक आली. शब्द दिसला की अडखळणारं बोट चित्र दिसलं की सरळ जात होतं. तीस वर्षं काटे आणि तांबडे-हिरवे दिवे पाहून काम केलेला माणूस तो. सूनबाईला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं करून घेतलं.

"पण अंगठा नको हं," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. "हल्ली सगळे अंगठा टाकतात. एवढ्या मोठ्या साहेबीणबाईंना अंगठा दाखवायचा म्हणजे काय? शोभतं का?"

म्हणून ठरलं ते असं: कबूल असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. शाळेच्या वहीत असते तेवढंच.

आता हेच कार्यालयाच्या मेलमध्ये आणायचं होतं. मेलला इमोजीनं उत्तर द्यायची सोय होती, रिअ‍ॅक्शन म्हणतात ती, पण या कार्यालयात ती बंद ठेवली होती. बंद ठेवणारी सूनबाईच. वरच्यांनी तेव्हा विचारलं होतं, हवी का, आणि तिनं "कशाला तो पोरखेळ" म्हणून लिहून पाठवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं अर्ज लिहिला. विषयात 'इमोजी' हा शब्द टाकला असता तर अर्ज थेट केरात गेला असता, म्हणून तिनं बसल्या जागी नवा शब्द तयार केला: 'चित्ररूप पोच'. मॅडमनी तरी वास काढलाच.

"कार्यालय आहे की बालवाडी?"

"मॅडम, तुम्ही म्हणालात नाही म्हणता आलं पाहिजे. मी नाही म्हणायची सोय मागतेय."

मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. "बुधवारी सकाळपर्यंत. तोवर कंट्रोल रूमच्या नोंदीत दादांची पोच दिसली पाहिजे, रोजची, वेळेत. दिसली तर बघू. नाही दिसली तर कागद जाईल, आणि मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"मी रडत येत नाही, मॅडम. मी अर्ज घेऊन येते."

बटण वरून चालू करवून घेण्यात गुरुवार गेला. वरचा सिस्टमवाला फोनवर म्हणाला, "मी केलंय सुरू, सगळ्यांना दिसायला एक दिवस लागेल." शुक्रवारी सूनबाईच्या यंत्रावर मेलच्या कोपऱ्यात हसरा चेहरा उगवला. पंपघरात उगवला नाही. ती सायकल काढून पंपघरात गेली. तिथलं यंत्र म्हाताऱ्या बैलासारखं. त्यावरचा मेलचा प्रोग्राम इतका जुना की त्याला इमोजी काय, रंगीत अक्षरंही सोसत नव्हती. तिनं तो बाजूला केला आणि ब्राउझरमधून मेल उघडून दिला. हसरा चेहरा आला. दादांनी त्यावर माउसनं टिचकी मारली. काहीच झालं नाही. चेहरा फिकट, दाबला जाईना.

दादा म्हणाले, "बरोबर," आणि त्याचा अर्थ काय होता ते या वेळी कुणालाही कळलं असतं.

त्याचं कारण शोधायला तिला दुपार लागली. कंट्रोल रूमचा मेल 'सर्व ऑपरेटर' अशा एका सामाईक पत्त्यावर जायचा, आणि सामाईक पत्त्यावर आलेल्या मेलला रिअ‍ॅक्शन चालत नाही, अशी त्या सोयीची अट होती. मेल ज्याच्या त्याच्या नावानं आला तर चालते. म्हणजे दादांना वेगळा मेल पाठवायला हवा. म्हणजे कंट्रोल रूमच्या कारकुनाला गाठायला हवं.

या कारकुनाला सगळे सेकंदकाका म्हणत. माणूस घड्याळाचा पक्का. कुणी "दहा मिनिटांत आलो" म्हटलं की ते दहा मिनिटांनी दाराकडे बघायचे. काम मात्र नेमून दिलेल्याच्या पलीकडे रतीभर नाही.

"एका सूचनेचा एकच मेल," ते म्हणाले. "दोन केले तर उद्या प्रत्येक जण म्हणेल मला वेगळा पाठवा. मी काय पत्रिका वाटायला बसलोय?"

"काका, फक्त दादांना. दिवसाचे पाच-सहा मेल. एक जादा टिचकी."

"टिचकीला चार सेकंद लागतात."

"सहा मेल, चोवीस सेकंद," सूनबाई म्हणाली. "दादांनी तुमच्या जागी गेल्या साली नऊ दिवस पाळी केली होती, तुमच्या मुलीच्या बाळंतपणात. त्याचे सेकंद करून देऊ?"

सेकंदकाकांनी घड्याळ बघितलं, छताकडे बघितलं, आणि "बरं, द्या पत्ता" म्हणाले. ओशाळले बिचारे. तीही जरा ओशाळली, पण शब्द परत घेतले नाहीत.

शनिवारी सकाळी दादांना त्यांच्या नावानं पहिला मेल आला: 'पंप दोन, सव्वादहा वाजता बंद.' दादांनी वाचला, बरोबरची खूण लावली. खूण मेलखाली दिमाखात उमटली. पंपही सव्वादहाला बंद झाला. सूनबाई पंपघरातल्या स्टुलावर बसून होती, तिनं टाळी वाजवली. दादांनी तिच्या डोक्यावर डाव्या हातानं टपली मारली. सगळं सुरळीत लागलं असं समजून ती रविवारी निर्धास्त झोपली.

मंगळवारी चार वाजता मॅडमचा निरोप आला. कंट्रोल रूमच्या नोंदीत शनिवारपासून दादांच्या नावापुढे एकही पोच नव्हती. एकवीस सूचना, एकवीस भोपळे.

तिचा विश्वास बसेना. पंपघरातून पाहावं तर एकवीसच्या एकवीस खुणा लागलेल्या. कंट्रोल रूममधून पाहावं तर सगळं कोरं. सेकंदकाका शपथेवर सांगत होते, "मी डोळ्यांत तेल घालून बघतोय, काही आलं नाही." तिनं आधी त्यांच्यावर संशय घेतला, मग यंत्रावर, मग तारेवर. कंट्रोल रूममध्ये मेलचा जुनाच प्रोग्राम होता, नोंदवहीचा हिशेब त्याला जोडलेला असल्यामुळे तो बदलता येत नव्हता. अशा जुन्या प्रोग्रामकडे खूण मेलखाली उमटत नाही, ती वेगळा छोटा मेल होऊन येते. आत फक्त ते एक चिन्ह, बाकी कोरं. एवढं तिला ठाऊक होतं. मग ते छोटे मेल गेले कुठे?

तिनं कचऱ्याची पेटी उघडली. एकवीसच्या एकवीस तिथे होते, ओळीनं, वेळेसकट. पहिला, सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांत. दुसरा दोन. एकदा तर चाळीस सेकंदांत.

कुणी टाकले कचऱ्यात? तिनं नियमांची यादी उघडली आणि तिथे तिचाच एक जुना नियम दिसला. दोन वर्षांपूर्वी लोक प्रत्येक मेलला सगळ्यांना 'ओके', 'हो', 'बरं' अशी उत्तरं धाडायचे आणि कंट्रोल रूम त्याखाली बुडून जायची. तेव्हा तिनं एक नियम करून ठेवला होता: ज्या मेलात दहा अक्षरंही नाहीत आणि 'मिळाले' हा शब्द नाही, तो सरळ कचऱ्यात. नियमाला तिनं कौतुकानं नावही दिलं होतं, 'केरसुणी'. मॅडमनी तेव्हा शाबासकी दिली होती. आणि तीच केरसुणी चार दिवस बाबांचं बोलणं झाडून बाहेर टाकत होती. सेकंदकाकांच्या खुर्चीत बसून ती स्वतःला मनातल्या मनात नाही नाही ते बोलली.

केरसुणी गुपचूप पुसून टाकता आली असती. एकवीस मेल कचऱ्यातून उचलून आत ठेवले असते तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. तो विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण मग मॅडम विचारणार, काल कोरं आणि आज एकवीस कसे? आणि ती खोटं बोलली की दादांच्या प्रत्येक खुणेवर संशय येणार. तिनं नियम बंद केला, कचऱ्याच्या पेटीचा फोटो काढून छापला आणि रात्री जेवताना दादांना सगळं सांगितलं. "बाबा, चूक माझी होती." दादांनी पानातली पोळी मोडत फोन पुढे ओढला आणि तिच्या नावापुढे एक फुली टाकली. चूक तुझी नाही, असं त्यांना म्हणायचं होतं की चूक तुझीच, ते तिनं विचारलं नाही.

बुधवारी सकाळी साडेदहाला मॅडम स्वतः कंट्रोल रूममध्ये आल्या. हातात संमतीचा कागद असलेली फाइल होती. सूनबाईनं छापील फोटो पुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं, केरसुणीसकट.

"म्हणजे दोन वर्षं तुझा तो नियम इथे काय काय गिळत बसला होता, कुणाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही माहीत."

"मेमो मिळेल तुला."

"द्या. पण पोच एकवीसच्या एकवीस वेळेत आहेत. तेही लिहा."

मॅडम काही बोलणार तोच पडद्यावर दादांचं नाव चमकलं. पाचच मिनिटांपूर्वी सेकंदकाकांनी सूचना पाठवली होती: 'टाकी दोन भरायला घ्या, अकरा वाजता.' इतर दोन ऑपरेटरांचं 'मिळाले' येऊन बसलं होतं. आता दादांचा छोटा मेल आला, या वेळी थेट समोर. आत लाल फुली.

सूनबाई पडद्याजवळ सरकली. आजच? आत्ताच?

"बघितलंस?" मॅडम म्हणाल्या. आवाजात विजय नव्हता, उलट वाईटच वाटत होतं त्यांना. "बोट चुकलं. माणूस चांगला आहे गं, पण बोट चुकतं. आज फुली पडली, उद्या काय पडेल?" आणि त्यांनी पंपघराचा फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दादा, मॅडम बोलतेय. ती फुली चुकून लागली ना तुमच्याकडून?"

"बरोबर," फोनमधून आवाज आला.

मॅडमनी सूनबाईकडे पाहिलं. सेकंदकाकांनी मान खाली घातली. सूनबाई टेबलावरून पुढे वाकली.

"मॅडम, उलटं विचारा."

"म्हणजे?"

"तुमच्या पाया पडते, उलटं विचारा."

मॅडमच्या कपाळावर आठी आली, पण त्यांनी विचारलं. "दादा, ती फुली तुम्ही मुद्दाम लावलीत ना?"

"बरोबर."

मॅडम फोनकडे पाहत होत्या. मग अगदी हळू, जणू त्यांना स्वतःलाच ते विचारायचं नव्हतं, त्या म्हणाल्या, "दादा, आज रविवार आहे ना?"

"बरोबर," दादा म्हणाले, आणि त्या शब्दात इतका वैताग होता की सेकंदकाकांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकून झाकलं.

"त्यांच्या तोंडाला विचारू नका, मॅडम," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती. "तोंडाकडे एकच शब्द उरलाय. फुली पडलीये ना? मग ती फुली वाचा. सूचनेत काय चुकलंय ते बघा."

मॅडमनी सूचना पुन्हा वाचली. मग भिंतीवरचा कामांचा तक्ता पाहिला. तक्त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: टाकी दोन, आज धुवायला काढली आहे, खालची झडप उघडी. "काका, मी तुम्हाला टाकी तीन सांगितली होती."

सेकंदकाकांचा चेहरा पांढरा पडला. "दोनच लिहिलं की हो मी."

अकराला पंप लागला असता तर उघड्या झडपेतून पाणी सरळ नाल्यात गेलं असतं आणि अर्ध्या गावाचे नळ दुपारभर कोरडे राहिले असते. ज्यांची अक्षरं शाबूत होती त्या दोघांनी डोळे मिटून 'मिळाले' लिहिलं होतं. नाही म्हणाले होते ते एकटे दादा. नवी सूचना गेली, टाकी तीन, आणि बरोबरची खूण येऊन बसली, तेव्हा अकराला सात मिनिटं होती.

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी फाइल उघडली, तो कागद काढला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. ओळ तर एकच होती.

"मी तीनदा विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा एकाच बाजूनं." मग त्यांनी सेकंदकाकांना उठवलं, स्वतः त्यांच्या जागेवर बसल्या आणि दादांना मेल लिहिला. सूनबाईनं मागून वाचला. 'दादा, तुम्हाला पंपघर सोडून घरी बसायचं आहे का?'

त्या एका वाक्याकडे तिघं पाहत राहिली. नियमाप्रमाणे मुदत पंधरा मिनिटांची होती. बाबांना काय हवंय ते आपल्याला ठाऊक आहे असं सूनबाई आठवडाभर धरून चालली होती; पण त्यांना असं कुणी सरळ विचारलंच नव्हतं, तिनंसुद्धा नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ते थकले असले तर? बरोबरची खूण आली तर तीही मान्य करावी लागेल. तिनं मनाची तयारी केली.

फुली आली.

मॅडमनी कागदावर 'रद्द' लिहून सही केली, तारीख घातली आणि फाइल सेकंदकाकांकडे सरकवली. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या. "सूनबाई, आता यावर मी त्यांना पोच कशी देऊ? ती बरोबरची खूण कुठून लावायची, दाखव मला."

"खुणेवर खूण लावता येत नाही, मॅडम," सूनबाई म्हणाली. "सोयच नाही तशी. तुम्हाला लिहावं लागेल."

मॅडम लिहायला बसल्या. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. एरवी चार पानी परिपत्रक एका बैठकीत लिहिणारी बाई, पण त्या दिवशी त्यांना दोन ओळींना अकरा मिनिटं लागली, सेकंदकाकांनी मोजली. 'दादा, मी तुम्हाला चुकीचं विचारलं होतं. तुमची जागा तुमचीच आहे, मला माफ करा.' त्यांनी मेल पाठवला आणि हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट पाहत बसल्या.